वायपरवाल्या मेरीबाई

हिवाळ्याआधी आम्ही गाडीच्या वायपरची पाती बदलतो, तेव्हा मेरी अँडरसन यांची आठवण होते. त्यांचा जन्म १८६६ चा, अलाबामातला. न्यूयॉर्कच्या एका हिवाळी भेटीत त्यांनी ट्रामचालकाचे हाल पाहिले. काचेवरच्या बर्फामुळे त्याला समोरचं दिसेना. आतून दांडा हलवला की बाहेरचं रबरी पातं काच पुसेल, अशी युक्ती त्यांनी काढली आणि १९०३ मध्ये पेटंट मिळवलं. १९०५ मध्ये एका कॅनेडियन कंपनीने ती नाकारली. १९२० मध्ये पेटंटची मुदत संपली. पुढे वायपर घरोघरच्या गाड्यांवर आले, मेरीबाईंच्या हाती मात्र दमडीही आली नाही. १९५३ मध्ये त्या वारल्या. पात्याचं रबर चिरलं असेल तर आजच बदला; लांबी मॅन्युअलमध्ये पाहा.