दर्पणकार बाळशास्त्री जांभेकर विद्यार्थ्यांसाठी विज्ञानाचं मासिकही चालवायचे

6 जानेवारी म्हणजे पत्रकार दिन. 1832 मध्ये याच तारखेला बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' सुरू केलं. पण ही त्यांची अर्धीच ओळख.

बाळशास्त्रींचा जन्म 1812 चा, कोकणातल्या पोंभुर्ल्याचा. शिकायला मुंबईत आले आणि 1834 मध्ये एल्फिन्स्टन कॉलेजात गणित शिकवू लागले. पुढे कुलाबा वेधशाळेचा कारभारही त्यांनी सांभाळला. पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापं तिथे 1841 मध्ये सुरू झाली.

शिकवताना अडचण एकच होती. नवं विज्ञान इंग्रजीत होतं आणि बहुतेक मुलांना इंग्रजी येत नव्हतं.

म्हणून 1840 मध्ये त्यांनी 'दिग्दर्शन' काढलं. हे मराठीतलं पहिलं मासिक. त्यात भूगोल, पदार्थविज्ञान, रसायन, गणित असे विषय यायचे आणि सोबत नकाशे, आकृत्या असायच्या. आकृत्या कशाला? कारण ग्रहण नुसतं सांगून समजत नाही. सूर्य, पृथ्वी, चंद्र एका रेषेत काढून दाखवले की पोरगंही ओळखतं, सावली कुणाची कुणावर पडली ते.

दोनच वर्षांनी, जून 1842 मध्ये, अहमदनगरहून (आजचं अहिल्यानगर) अमेरिकन मराठी मिशनचं 'ज्ञानोदय' निघालं. विज्ञानाची माहिती त्यातही असायची, पण मिशनचं मूळ काम धर्मप्रसाराचं. मग लोकांना धास्ती वाटायची, की नवी विद्या शिकला तो पोरगा बाटला!

1843 मध्ये ही धास्ती बाळशास्त्रींच्या दारात आली. मिशनऱ्यांकडे राहिलेल्या श्रीपत शेषाद्री या मुलाला कोर्टाने वडिलांकडे परत दिलं, पण समाज त्याला घेईना. बाळशास्त्री त्याच्या शुद्धीसाठी उभे राहिले आणि सनातन्यांचा रोष त्यांनी अंगावर घेतला. मुलाने नवी विद्याही शिकावी आणि त्याचं घरही सुटू नये, असाच या भूमिकेचा अर्थ होता. त्याच माणसाने 1845 मध्ये 'ज्ञानेश्वरी'ची छापील आवृत्तीही काढली.

मे 1846 मध्ये ते गेले, तेव्हा वय जेमतेम चौतीस. पण भाऊ दाजी लाड, दादाभाई नौरोजी हे त्यांचेच विद्यार्थी. विज्ञानाचं सचित्र मराठी पुस्तक आज सहज हातात येतं. त्याची वाट 'दिग्दर्शन'ने 1840 मध्येच दाखवली होती.