कामकरी मातेचे कैवारी डॉ. बाबासाहेब आंबेडकर

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जीवनावर लिहायचे म्हटले की महाडचे चवदार तळे, पुणे करार, भारताची घटना आणि नागपूरची दीक्षाभूमी हे विषय आपोआप पुढे येतात. ते यायलाच हवेत. परंतु विहाराच्या या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत आम्ही बाबासाहेबांचे चरित्र एका वेगळ्या अंगाने सांगणार आहोत. आपल्या वस्तीतल्या लेकीसुना आजही जो प्रश्न कुजबुजत विचारतात, त्या प्रश्नाच्या अंगाने. दिवस गेलेत हे साहेबाला, मालकाला, मुकादमाला कधी सांगायचे? आत्ताच सांगितले तर काम जाईल काय? नाही सांगितले आणि जड काम करताना काही बरेवाईट झाले तर? हा प्रश्न घरातल्या चुलीपाशीच मिटवायचा, असे पुष्कळांना वाटते. बाबासाहेबांनी मात्र तो कायदेमंडळात नेला. कसा नेला, ते आपल्या प्रत्येक घरात ठाऊक असले पाहिजे.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. सुभेदार रामजी आणि माता भीमाबाई यांचे ते चौदावे अपत्य. त्या चौदांपैकी बरीच मुले लहानपणीच गेली. बाबासाहेब पाच-सहा वर्षांचे असतानाच भीमाबाईंनीही जगाचा निरोप घेतला. आईच्या मायेला पारखे झालेले हे पोर आत्याच्या आधाराने वाढले. पुढे संसार झाला तेव्हाही हेच दुःख त्यांच्या वाट्याला आले. माता रमाईंना पाच अपत्ये झाली, त्यांतला एक यशवंत तेवढा जगला. गंगाधर, रमेश, इंदू आणि लाडका राजरत्न ही चार लेकरे आईबापांच्या डोळ्यांदेखत गेली. राजरत्न गेला तो १९२६ साली. साहेब परदेशात शिकत असताना रमाईंनी शेण्या थापून, अर्धपोटी राहून घर चालवले हे आपण सारे जाणतो. गरिबाघरची बाळंतीण काय सोसते, हे बाबासाहेबांना पुस्तकातून वाचावे लागले नाही.

दादरचे राजगृह बांधून होईपर्यंत त्यांचे बिऱ्हाड परळच्या बी.आय.टी. चाळीत होते. आजूबाजूला सगळी गिरण्यांची वस्ती. भोंगा वाजला की पुरुष निघत, तशा बायकाही निघत. गिरणीतल्या बायका बहुतेक करून रिळाच्या आणि कांड्या भरण्याच्या खात्यात असत. त्यांच्यावर नायकीण असे, नायकिणीच्या वर जॉबर. कामावर घेणे आणि काढणे बरेचसे याच मंडळींच्या मर्जीवर चाले. खाडा पडला की मजुरी बुडाली, आणि चार दिवस अधिक खाडे झाले की जागेवर बदलीवाली उभी. अशा ठिकाणी पोटुशी बाई काय करणार? सांगितले तर काम जाणार आणि नेमक्या खर्चाच्या दिवसांत घरातला पैसा आटणार. न सांगता दिवस भरेपर्यंत उभ्याने काम केले तर तिच्या आणि पोटातल्या जिवाच्या अंगाशी येणार. दोन्हीकडून मरणच. त्या काळी हिंदुस्थानात तिला वाचवणारा कायदा नव्हता. कामगार पुढारी ना. म. जोशी यांनी १९२४ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात असे एक बिल आणले होते, पण ते नामंजूर झाले.

१९२७ पासून बाबासाहेब मुंबई कायदे कौन्सिलात सरकारनियुक्त सभासद होते. १९२८ साली कौन्सिलापुढे प्रसूती लाभाचे बिल आले. ते बाबासाहेबांनी मांडले असे काही ठिकाणी सांगितले जाते, ते बरोबर नाही. बिल दुसऱ्या सभासदाचे होते. परंतु २८ जुलै १९२८ रोजी बाबासाहेब त्याच्या पाठिंब्याला उभे राहिले. त्यांच्या भाषणाचा मुद्दा आजही उपयोगी आहे. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला काही काळ विश्रांती मिळणे ही तिच्या एकटीची सोय नाही, त्यात साऱ्या राष्ट्राचे हित आहे, असे त्यांनी मांडले. म्हणून खर्चाचा मोठा भार खरे तर सरकारने उचलला पाहिजे. पण मालक बायकांना कामावर घेतो ते पुरुषांपेक्षा त्यात त्याचा जास्त फायदा होतो म्हणून, तेव्हा काही वाटा त्यानेही दिला तर त्यात अन्याय नाही. हा कायदा एकट्या मुंबई इलाख्यात झाला तर इथला धंदा मागे पडेल, ही ओरड त्यांनी मानली नाही. शेतात राबणाऱ्या बाईला नाही मग गिरणीतल्या बाईलाच का, या शंकेलाही त्यांनी कारखान्यातल्या कामाचा जाच दाखवून उत्तर दिले. पुढच्याच वर्षी, १९२९ साली, मुंबई इलाख्याचा प्रसूती लाभ कायदा झाला. या देशातला तो अशा प्रकारचा पहिला कायदा.

इथे थोडे थांबून विचार करावा असे आम्हांला वाटते. बाईला सांगायची भीती का वाटते? ती लाजते म्हणून नव्हे. तिच्या बाळंतपणाचा पैसा एकट्या मालकाच्या खिशातून जाणार असेल, तर पैसा वाचवायला तो तिलाच काढून टाकायला बघेल, ही ती भीती आहे. ती खोटीही नव्हती. कायदा झाल्यावर गरोदरपणाची चाहूल लागताच बाईला घरी बसवण्याचे प्रकार मालकांनी केलेच. भार सरकारने आणि समाजाने वाटून घ्यावा, हे १९२८ सालचे बाबासाहेबांचे म्हणणे किती दूरचे पाहणारे होते ते यावरून कळते.

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. आता प्रश्न कोळशाच्या खाणीतल्या बायकांचा होता. १९४१ च्या खाण प्रसूती लाभ कायद्याने त्यांना रोज आठ आणे प्रमाणे आठ आठवडे पैसे मिळत, चार आठवडे बाळंतपणाआधी आणि चार नंतर. आधीच्या चार आठवड्यांत कामावर जायचे की विश्रांती घ्यायची ते बाईने ठरवायचे. नंतरच्या चार आठवड्यांत मात्र तिला कामावर ठेवणे गुन्हाच. परंतु कायद्याचे शब्द थोडे संदिग्ध होते. १९४३ साली बाबासाहेबांनी दुरुस्ती बिल आणून ते स्पष्ट करून घेतले. एका शब्दाच्या आडोशाने गरीब बाईचे आठ आणे बुडू नयेत, इतके बारीक लक्ष होते त्यांचे. त्याच वर्षी डिसेंबरात ते धनबादच्या कोळसाक्षेत्रात गेले, स्वतः खाणीत उतरले, मजुरांची घरेही पाहिली.

याच काळातली एक कठीण गोष्टही सांगितली पाहिजे. चरित्र म्हणजे नुसती आरती नव्हे. महायुद्धामुळे कोळशाची टंचाई झाली आणि १९४३ मध्ये बायकांना जमिनीखाली काम करण्यावर असलेली बंदी सरकारने उठवली. खाते बाबासाहेबांचे होते. कायदेमंडळात आणि बाहेर या निर्णयावर कडक टीका झाली. ही सवलत युद्धापुरतीच आहे, आणि खाली उतरणाऱ्या बाईला पुरुषाइतकीच मजुरी मिळेल, अशी बाजू त्यांनी मांडली. १९४५ साली अशा बायकांसाठी प्रसूतीची तरतूद वाढवण्यात आली आणि १९४६ मध्ये बंदी पुन्हा लागू झाली. त्या निर्णयाबद्दल कुणी काहीही म्हणो, समान कामाला समान दाम हे सूत्र सरकारच्या तोंडून वदवून घेतले ते बाबासाहेबांनी, हे विसरता येत नाही.

त्यांच्याच खात्याने कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना तयार करायला घेतली. प्रा. बी. पी. अडारकर यांनी १९४४ मध्ये तिचा अहवाल दिला आणि त्यातून पुढे १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. या योजनेत मालक आणि कामगार दोघांची वर्गणी एका निधीत जमा होते आणि बाळंतपणाचे पैसे त्या निधीतून मिळतात. म्हणजे एका बाईच्या बाळंतपणाचा बोजा एका मालकावर पडत नाही. १९२८ साली जे बीज टाकले त्याला वीस वर्षांनी असे फळ धरले. घटना समितीच्या मसुदा समितीचेही ते अध्यक्ष होते. २६ जानेवारी १९५० पासून अमलात आलेल्या घटनेच्या ४२ व्या कलमात कामाची न्याय्य व माणुसकीची परिस्थिती आणि प्रसूती साहाय्य यांची तरतूद राज्याने करावी असे नमूद आहे.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी त्यांनी आपल्याला धम्म दिला आणि ६ डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले. त्यानंतर पाच वर्षांनी, १९६१ साली, साऱ्या देशासाठी प्रसूती लाभ कायदा आला. गरोदरपणी गैरहजर असल्याच्या कारणाने बाईला काढणे बेकायदा, बाळंतपणानंतर सहा आठवडे तिला कामाला लावायचे नाही, दिवस भरत आले की तिने मागणी केल्यास जड आणि फार वेळ उभे राहण्याचे काम द्यायचे नाही, असे त्यात आहे. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन बाळंतपणांसाठी रजा २६ आठवड्यांची झाली, त्यातले ८ आठवडे आधी घेता येतात. हीच सूत्रे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घेतलेली आहेत. रोजंदारीवरच्या बायकांनाही हा हक्क आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००० साली दिल्ली महापालिकेच्या खटल्यात दिला.

मग सांगायचे कधी? कायद्याने हा निर्णय बाईच्या हातात ठेवला आहे. कोणत्या तारखेपासून रजा हवी ते तिने लेखी कळवायचे. आधी कळवणे जमले नाही तर बाळंतपणानंतर लवकरात लवकर कळवायचे, तेवढ्यावरून हक्क बुडत नाही. पण आमचे म्हणणे असे की जड ओझे, रसायने, रात्रपाळी असले काम असेल तर उगाच थांबू नये. मालकाला ठाऊकच नसेल तर हलके काम मागणार कशाच्या जोरावर? तोंडी सांगून भागत नाही. अर्ज लिहावा, डॉक्टरचा दाखला जोडावा, आणि अर्जाची पोच सही घेऊन घरी जपून ठेवावी. कागद हातात असला की मला माहीतच नव्हते असे म्हणायला मालकाला जागा राहत नाही. अर्ज लिहिता येत नसेल तर शेजारच्या शिकलेल्या मुलीची मदत घ्यावी, यात कमीपणा नाही.

दुसऱ्याच्या घरी धुणीभांडी करणारी आपली बहीण मात्र १९६१ च्या कायद्यातही बसली नाही. तिने सांगितले की बाईसाहेब दुसरी बाई बघतात. तिच्या बाळंतपणात तिची घरे टिकावीत म्हणून शेजारणींनी आळीपाळीने तिची कामे धरावीत आणि ती परतली की तिची तिला द्यावीत, एवढे तर आपल्या वस्तीला करता येईल. सगळ्यांनी थोडाथोडा भार उचलावा, हेच तर बाबासाहेबांनी कौन्सिलात सांगितले होते. त्यांच्या तसबिरीला हार घालताना हेही ध्यानात असू द्यावे.

जयभीम!