कमला सोहोनी : पेशींच्या नकाशामागील संशोधिका

पेशीतील रासायनिक क्रियांचे मार्ग नकाशांच्या रूपाने मांडणारे संगणकीय माहितीसंग्रह आज जीवशास्त्राच्या अभ्यासात अपरिहार्य ठरले आहेत. क्योटो विद्यापीठात १९९५ मध्ये सुरू झालेला ‘केग’ हा त्यांपैकी प्रमुख. प्रयोगातून मिळालेली शेकडो जनुकांची यादी त्यात भरली, की ती कोणत्या मार्गांवर येतात, हे नकाशात रंगून दिसते. नशिराबादच्या विद्यार्थ्यानेही घरबसल्या श्वसनक्रियेचा नकाशा उघडला, तर त्यात त्याला ‘सायटोक्रोम सी’ हे प्रथिन सापडेल. वनस्पतींच्या पेशींतील या प्रथिनावर मूलभूत संशोधन करणाऱ्या शास्त्रज्ञ मराठी होत्या, डॉ. कमला सोहोनी.

पूर्वाश्रमीच्या त्या कमला भागवत. विदुषी दुर्गा भागवत यांच्या भगिनी. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी उत्तम गुणांनी मिळवून त्यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला. संस्थेचे संचालक सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी केवळ स्त्री असल्याच्या कारणाने तो नाकारला. कमलाबाईंनी माघार घेतली नाही. अखेर प्रवेश मिळाला, तोही अटींवर. पहिले वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून मान्यता नव्हती. त्यांनी हा अपमान गिळला आणि श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली दूध व कडधान्यांतील प्रथिनांवर काम केले. वर्षभरात रामन यांचे मत बदलले आणि अन्य विद्यार्थिनींसाठीही संस्थेचे दार उघडले.

पुढे केम्ब्रिजमध्ये रॉबिन हिल यांच्यासमवेत वनस्पतींच्या श्वसनावर संशोधन करताना बटाट्याच्या पेशींत त्यांना सायटोक्रोम सी आढळले. अन्नातून ऊर्जा मिळविण्याच्या साखळीत हे प्रथिन इलेक्ट्रॉन पुढच्या टप्प्याकडे पोहोचविते. १९३९ मध्ये त्यांना पीएचडी मिळाली. मायदेशी दिल्ली व कुन्नूर येथे काम केल्यानंतर १९४७ मध्ये विवाह होऊन त्या मुंबईस आल्या. तेथील विज्ञान संस्थेत त्यांनी नीरा व कडधान्यांच्या पोषणमूल्यांवर संशोधन केले आणि कालांतराने संस्थेचे संचालकपदही भूषविले. १९९८ मध्ये त्यांचे निधन झाले.

माहितीसंग्रहातील नकाशात प्रयोगांनी उलगडलेलेच दुवे असतात. तेथे एखादा दुवा नसणे म्हणजे तो पेशीत नाही, असे नव्हे. म्हणूनच संगणकाचे उत्तर स्वीकारण्यापूर्वी त्यामागील मूळ प्रयोगही अभ्यासणे नव्या विद्यार्थ्यांसाठी आवश्यक आहे.