गायतोंडे : रेषा आणि मौन

1924 सालाच्या अखेरीस रवींद्रनाथ ठाकूर आजारी अवस्थेत अर्जेंटिनात मुक्काम करून होते. 'पूरबी'च्या हस्तलिखितात खोडलेल्या शब्दांना रेषांनी जोडत जोडत त्यांच्या हातून विलक्षण आकृती उमटू लागल्या होत्या. शब्दप्रभू कवीच्या आयुष्यातील हा उत्तरकाळचा चित्रप्रवास 1930 मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनातून जगासमोर आला. योगायोग असा, की त्याच 1924 सालच्या 2 नोव्हेंबरला नागपूर येथे एका गोमंतकीय कुटुंबात वासुदेव संतू गायतोंडे यांचा जन्म झाला. रवींद्रनाथ अक्षराकडून आकृतीकडे गेले; गायतोंडे आकृती सोडून देत उतारवयात अक्षरसदृश रेषेपाशी येऊन थांबले. दोघांच्याही बाबतीत कागदावरील रेषा ही आत्मशोधाची वाट झाली. मात्र या वाटेवर गायतोंडे यांनी जे मागे टाकले, त्याचा हिशेब अधिक कठोर आहे.

गायतोंडे यांचे बालपण गोव्यात आणि पुढे मुंबईत गिरगावातील चाळीत गेले. मध्यमवर्गीय घरात चित्रकलेकडे चरितार्थाचे साधन म्हणून पाहण्याची त्या काळी प्रथा नव्हती. तरीही त्यांनी सर ज. जी. कला शाळेत प्रवेश घेतला आणि 1948 मध्ये तेथील पदविका संपादन केली. जगन्नाथ अहिवासी व शंकर पळशीकर यांच्यासारख्या अध्यापकांमुळे त्या काळी कला शाळेत भारतीय लघुचित्रपरंपरेचा अभ्यास जिवंत होता. जैन पोथ्यांतील टोकदार रेषा, बसोहली चित्रांतील सपाट व तेजस्वी रंगक्षेत्रे यांचे संस्कार गायतोंडे यांच्या आरंभीच्या मानवाकृतिप्रधान चित्रांवर स्पष्ट दिसतात. त्या चित्रांतील स्त्रीपुरुष रेषेने बांधलेले आहेत आणि रंग त्या रेषेच्या आज्ञेत वावरतो. 1947 मध्ये स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपशी त्यांचा लवकरच संबंध आला. परंतु कोणत्याही गटाच्या जाहीरनाम्यात रमण्याचा त्यांचा पिंड नव्हता.

पाऊल क्ली या स्विस चित्रकाराच्या कामाचा परिचय हे त्यांच्या घडणीतील निर्णायक वळण होय. क्लीची रेषा वस्तूचे वर्णन करण्यास बांधील नाही. ती स्वतःच्या गतीने चालते आणि चालता चालता आकार निर्माण करते. या जाणिवेनंतर गायतोंडे यांच्या चित्रांतील मानवाकृती हळूहळू विरत गेल्या. 1957 मध्ये तोकियो येथील तरुण आशियाई कलावंतांच्या प्रदर्शनात त्यांना पारितोषिक मिळाले. याच सुमारास त्यांच्या चित्रांतून वस्तुनिर्देश जवळजवळ नाहीसा झाला. आपल्या कामाला अमूर्त म्हणणे त्यांना मान्य नव्हते; ते त्यास वस्तुनिरपेक्ष म्हणत. हा भेद केवळ पारिभाषिक नव्हे. अमूर्तात कोठेतरी मूर्ताचा अंश गृहीत असतो, कशापासून तरी काहीतरी वेगळे काढलेले असते. गायतोंडे यांच्या दृष्टीने चित्राबाहेर असे मूळ नव्हतेच.

मुंबईतील भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये नाट्य, संगीत, नृत्य आणि चित्र या कलांची माणसे एका छत्राखाली काम करीत. तेथील खोलीत गायतोंडे यांची साधना चालू होती. 1964 मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले. तेथील अमूर्त अभिव्यक्तिवादी चित्रकार भावनेचा उद्रेक देहाच्या आवेगासह कॅनव्हासवर आणीत होते. गायतोंडे यांनी ते सर्व पाहिले आणि आपली दिशा बदलली नाही. ते रंग रोलरने पसरवीत, रंगसुरीने काढून टाकीत, पुन्हा पातळ थर देत, कागदाच्या तुकड्यांनी रंग टिपून घेत. चित्र घडे ते लावण्याइतकेच काढून टाकण्याने. त्यामागील प्रतीक्षा दीर्घ असे. वर्षाकाठी मोजकीच चित्रे पूर्ण होत. झेन विचार, रमण महर्षी, जे. कृष्णमूर्ती आणि मुंबईच्या खेतवाडीत निरूपण करणारे निसर्गदत्त महाराज यांच्याविषयी त्यांना ओढ होती. त्यांचा बहुतेक वेळ काम न करता पाहण्यात आणि शास्त्रीय संगीत ऐकण्यात जाई. त्यांच्या लेखी तोही कामाचाच भाग होता.

1971 मध्ये त्यांना पद्मश्री हा सन्मान लाभला. त्यानंतर ते मुंबई सोडून दिल्लीस आले आणि निजामुद्दीन भागातील लहानशा जागेत एकटे राहू लागले. त्यांनी विवाह केला नाही. कुटुंबीयांशीही संबंध उरला नाही. मित्रांचे वर्तुळ आकसत गेले. या एकांताचे गौरवीकरण करण्याचा मोह चरित्रकाराला होतो, पण तो टाळावयास हवा. गायतोंडे यांच्या एकांताची किंमत त्यांनी एकट्यानेच मोजली असे नाही. ज्यांना त्यांनी मागे सोडले त्यांच्याही वाट्याला ती आली असणार.

1984 मध्ये झालेल्या अपघाताने हा दिनक्रम मोडला. जबर दुखापतीमुळे मोठ्या कॅनव्हाससमोर उभे राहून रोलर व रंगसुरी चालविणे त्यांना अशक्य झाले. काही वर्षे तैलचित्र घडलेच नाही. साठीच्या उंबरठ्यावरील चित्रकाराच्या हाती उरले ते लहान कागद आणि काळी शाई. या काळातील रेखाटने हा त्यांच्या चरित्रातील सर्वांत विचारणीय भाग आहे. पांढऱ्या कागदावर शाईच्या खुणा उमटतात. काही जाड, काही तुटक, काही एखाद्या अज्ञात लिपीतील अक्षरांसारख्या. पाहणाऱ्याला वाटते की आता हे वाचता येईल, आणि त्याच क्षणी ती लिपी अर्थ नाकारते. तैलचित्रांत थरांखाली दडणारा हात येथे उघडा पडला आहे. शाई पुसता येत नाही, खरवडता येत नाही. एकदा टेकलेला कुंचला परत घेता येत नाही. काढून टाकण्याने चित्र घडविणाऱ्या कलावंताला येथे काढून टाकण्याचा मार्गच बंद होता.

दुःखी वा व्याधिग्रस्त माणसाने चित्र काढावे, म्हणजे मनाचा निचरा होतो, ही समजूत आता सर्वत्र रूढ आहे. पाश्चात्त्य मीमांसेतील विरेचनाची कल्पना तिच्यामागे आहे. या कल्पनेच्या आधारे गायतोंडे यांच्या शाईच्या कागदांत वेदनेची नोंद शोधू गेल्यास हाती फारसे लागत नाही. त्यांत आक्रोश नाही, मोडलेल्या देहाची प्रतिमा नाही, तक्रार नाही. परंतु म्हणून ती रेखाटने भावशून्य ठरत नाहीत. भाव ओतून मोकळे होण्याऐवजी येथे तो खुणेच्या शिस्तीत स्थिर केलेला आहे. आठ रसांच्या परंपरेत शांताला स्थान द्यावे की नाही, हा वाद भारतीय काव्यशास्त्रात फार जुना आहे आणि अभिनवगुप्ताने शांताच्या बाजूने कौल दिला. ज्यात सर्व भाव शमतात त्याला भाव म्हणावे काय, हा त्या वादातील पेच होता. गायतोंडे यांची रेखाटने तोच पेच दृश्य रूपात पुढे ठेवतात. आत्मपरीक्षणाचे ते साधन आहेत, पण त्यांत परीक्षण करणाऱ्या 'मी'ची कहाणी आढळत नाही.

साहित्याच्या अभ्यासकाला येथे आणखी एक गोष्ट जाणवते. रोजनिशी लिहिणारा माणूस शब्द वापरतो, आणि शब्द त्याला अपरिहार्यपणे इतरांच्या भाषेत नेऊन सोडतो. गायतोंडे यांनी लिपीचा देह घेतला आणि भाषा वगळली. रोजनिशीतील नियमितपणा, कागदाचा लहान आकार, हाताची जवळीक हे सर्व राहिले. निवेदन तेवढे गळाले. रवींद्रनाथांच्या खोडाखोडीत शब्द झाकले गेले, तरी ते खाली होते. गायतोंडे यांच्या कागदावर शाईखाली शब्द कधी नव्हतेच.

1989 च्या सुमारास ते पुन्हा तैलरंगांकडे वळले. मध्य प्रदेश शासनाचा कालिदास सन्मानही याच सुमारास त्यांना मिळाला. रायपूर-बिलासपूरचा छत्तीसगढी मुलूख तेव्हा त्याच राज्यात होता. अपघातानंतरच्या या चित्रांत रंगांच्या विस्तारावर मोजक्या खुणा ठामपणे उभ्या आहेत. शाईच्या कागदांवर कमावलेली निर्भयता त्यांत उतरली आहे, असे ती शेजारी ठेवून पाहिल्यास मानावेसे वाटते. अखेरच्या काही वर्षांत त्यांनी चित्र काढणे थांबविले. शरीर थकले होते, हे खरेच. पण ज्याच्या लेखी न रंगविता पाहणे हेही काम होते, त्याच्या बाबतीत थांबण्याचा अर्थ लावणे सोपे नाही.

10 ऑगस्ट 2001 रोजी गायतोंडे यांचे निधन झाले, तेव्हा त्याची फारशी वार्ता झाली नाही. 2014 च्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांच्या कामाचे सिंहावलोकनपर प्रदर्शन भरले, आणि लिलावांतील किमतींनी त्यांचे नाव वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानांवर आणले. या गलबल्यात मोठ्या तैलचित्रांचीच चर्चा अधिक झाली. शाईचे ते लहान कागद तुलनेने उपेक्षित राहिले. हात अधू झालेला असताना, दिल्लीतील एका खोलीत, कोणी मागितली नसताना ती रेखाटने काढली गेली. गायतोंडे यांचे चरित्र लिहू पाहणाऱ्याने प्रथम त्यांच्याकडे वळावे.