डोनाल्ड हीली

डोनाल्ड मिचेल हीली (३ जुलै १८९८ – जानेवारी १९८८) हे ब्रिटिश मोटार अभियंते, रॅली चालक आणि उद्योजक होते. ऑस्टिन-हीली या स्पोर्ट्‌स मोटारींचे ते जनक. शर्यतीत पारखलेले इंजिनाचे भाग संचरूपाने सामान्य ग्राहकापर्यंत पोहोचवणारा त्यांचा ‘ले मां’ संच विशेष प्रसिद्ध आहे.

जीवन

हीली यांचा जन्म इंग्लंडमधील कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावरील पेरनपोर्थ येथे झाला. सॉपविथ विमान कंपनीत उमेदवारी केल्यानंतर पहिल्या महायुद्धात ते वैमानिक झाले. त्यांचे विमान एकदा ब्रिटिश तोफांनीच पाडले होते. युद्धानंतर पत्रद्वारा मोटार अभियांत्रिकी शिकून त्यांनी गावी गॅरेज काढले. १९३१ साली इनव्हिक्टा मोटार चालवून त्यांनी माँटे कार्लो रॅली जिंकली. पुढे ट्रायम्फ कंपनीत तांत्रिक जबाबदारी सांभाळून १९४५ मध्ये त्यांनी वॉरिक येथे स्वतःची कंपनी स्थापन केली.

१९५२ च्या लंडन मोटार प्रदर्शनात त्यांची ‘हीली हंड्रेड’ पाहून ऑस्टिनचे प्रमुख लेनर्ड लॉर्ड यांनी ती मोठ्या प्रमाणावर बनवण्याचा करार केला. या मोटारीत ऑस्टिन ए९० चे २,६६० घनसेंमी क्षमतेचे, चार सिलिंडरांचे इंजिन होते. ते मुळात कौटुंबिक मोटारीचे असल्याने दणकट होते, पण त्याची शक्ती ९० अश्वशक्तीच होती.

ले मां संच

१९५३ च्या ले मां येथील चोवीस तासांच्या शर्यतीत दोन ऑस्टिन-हीली बाराव्या व चौदाव्या आल्या. क्रमांक फार वरचे नसले तरी दोन्ही मोटारींनी शर्यत पूर्ण केली, हे महत्त्वाचे. त्यांच्या इंजिनांतील सुधारणांवर हा संच आधारलेला होता. त्यात दीड इंचांऐवजी पावणेदोन इंचांचे एसयू कार्ब्युरेटर, त्यांना थंड हवा पुरवणारी पेटी, झडपा अधिक उघडणारा कॅमशाफ्ट, पोलादी गॅस्केट आणि ठिणगीची वेळ बदललेला डिस्ट्रिब्यूटर असे. एवढ्याने शक्ती सुमारे १०० अश्वशक्तीपर्यंत जाई. विक्रेता किंवा स्वतः मालकही संच बसवू शके.

१९५५-५६ मध्ये वॉरिकच्या कारखान्यातच हे बदल केलेल्या मोटारी ‘१००एम’ नावाने विकल्या गेल्या. त्यांत संपीडन गुणोत्तर ८.१ करणारे पिस्टनही असल्याने शक्ती ११० अश्वशक्ती झाली. पुढचा अँटी-रोल बार अधिक ताठ केला होता. केवळ इंजिन वाढवून न थांबण्याचा हा विचार संचाइतकाच महत्त्वाचा म्हणावा लागेल.

खास शर्यतीसाठीच्या ‘१००एस’ मध्ये ॲल्युमिनियमचे सिलिंडर हेड, १३२ अश्वशक्ती आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक होते. १९५५ मध्ये ले मां येथे लान्स मॅकलिन यांच्या अशाच मोटारीवर मागून आलेली मर्सिडीज आदळून प्रेक्षकांत घुसली. ऐंशीहून अधिक माणसे दगावली.

नंतर हीली यांनी १९५८ ची छोटी स्प्राइट आणि १९७२ ची जेन्सन-हीली या मोटारींच्या निर्मितीत भाग घेतला.

अस्सल मोटारीची ओळख

कारखान्यात तयार झालेल्या १००एम मोटारींची संख्या ६४० मानली जाते. संच स्वतंत्रपणेही मिळत असल्याने मोठे कार्ब्युरेटर किंवा बॉनेटवरील झरोके व चामडी पट्टा पाहून मोटार मूळची १००एम आहे असे ठरत नाही. हे सर्व नंतरही बसवता येते. त्यामुळे किमतीत मोठा फरक पडतो. अभ्यासक चासी व इंजिन क्रमांक उत्पादनाच्या जुन्या नोंदींशी ताडून पाहतात.