लोकशाहीर वामनदादा कर्डक : अक्षर, सूर आणि शील



विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेत एका गायकाचे चरित्र द्यावे असे आम्ही ठरवले, त्याला कारण आहे. आपल्या आंजर्ल्यात आणि आजूबाजूच्या वाड्यांत चांगल्या गळ्याची पोरं कमी नाहीत. जयंतीला, बुद्धपौर्णिमेला, वर्षावासाच्या समारोपाला कुणी ना कुणी उठतं आणि दोन गाणी म्हणून सगळ्यांना डोलायला लावतं. पण सहा महिन्यांनी पाहावं तर त्याच पोराची वही कुठे हरवलेली असते आणि ढोलकी माळ्यावर गेलेली असते. गळा असतो, पण गाणं टिकत नाही. गाणं टिकवायला माणसाच्या अंगी काय लागतं, हे समजून घ्यायचं असेल तर लोकशाहीर वामनदादा कर्डक यांच्या आयुष्याकडे पाहावं लागतं.

वामनदादांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ रोजी नाशिक जिल्ह्यातील सिन्नर तालुक्यात देशवंडी या खेड्यात झाला. वडिलांचे नाव तबाजी, आईचे नाव सईबाई. घर महाराचे आणि कष्टकऱ्याचे. ज्या वयात मुलांनी पाटी-पेन्सिल धरायची, त्या वयात वामनच्या हाताला काम लागले. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नाही. मात्र कान उघडा होता. गावच्या जत्रेतला तमाशा, ढोलकीची थाप, बायांच्या जात्यावरच्या ओव्या हे सगळे त्या कानात साठत गेले. पुढे ज्यांच्या गाण्यांवर लोकांनी प्रबंध लिहिले, त्यांची पहिली शाळा ही एवढीच.

पोटासाठी ते मुंबईला आले. गिरणीत काम केले, कोळशाच्या वखारीत राबले, खडी फोडली, चिक्की आणि आईसफ्रूट विकले. सिनेमात काम मिळावे अशी हौसही मनात होती. राहायला शिवडीच्या बी.डी.डी. चाळीत. शिवडी, नायगाव, वरळी, डिलाईल रोड इथल्या या चाळी आपल्या कोकणच्या माणसाला काही परक्या नाहीत. दापोली-मंडणगडकडच्या कितीतरी घरांतले बापजादे तिथेच एकेका खोलीत दहा-दहा जण दाटीवाटीने राहिले, गिरणीच्या भोंग्यावर उठले आणि गावी मनिऑर्डरी पाठवल्या. वामनदादा त्याच गर्दीतले एक.

चाळीत असताना ते समता सैनिक दलात जाऊ लागले. आणि तिथेच त्यांच्या आयुष्याला वळण देणारी गोष्ट घडली. एका माणसाने गावाहून आलेले पत्र त्यांच्यापुढे धरले आणि वाचून दाखवायला सांगितले. अंगापिंडाने तयार झालेला हा तरुण, दलाच्या रांगेत ताठ उभा राहणारा, पण त्या कागदापुढे खाली मान घालून उभा राहिला. वाचता येत नव्हते. त्या दिवशी त्यांना फार लागले.

लाज सगळ्यांनाच वाटते हो. पण बहुतेक माणसं लाज वाटली की ती जागा टाळतात. वामनदादांनी टाळले नाही. दलातल्या देहलवी मास्तरांकडे ते बाराखडी शिकायला बसले. लहान पोरांनी गिरवायची अक्षरे मोठेपणी गिरवली. मास्तर नसतील तेव्हा मुंबईच्या रस्त्याने चालताना दुकानांच्या पाट्या वाचायच्या. एकेक अक्षर जुळवायचे, जोडाक्षर आले की थांबायचे, पुन्हा वाचायचे. दिवसभर अंगमेहनत आणि वर हा अभ्यास. आमच्या मते वामनदादांच्या गायकीचा पाया इथे घातला गेला, पहिल्या गाण्याच्याही आधी. आपल्याला येत नाही हे कबूल करून रोज थोडे थोडे शिकत राहायचे, ही सवय एकदा अंगात मुरली की ती सुराला, तालाला आणि शब्दालाही उपयोगी पडते.

३ मे १९४३ रोजी त्यांनी पहिले गीत रचले. ते एका हिंदी गाण्याच्या चालीवरचे विडंबन होते. ऐकणाऱ्यांना ते आवडले आणि आपल्याला रचता येते हे त्यांना कळले. त्याच साली नायगावला त्यांनी बाबासाहेबांना पहिल्यांदा पाहिले. गंमत म्हणून रचणारा हा माणूस तिथून पुढे बदलला. आपल्या शब्दांना आता एक मालक आहे आणि एक काम आहे, अशा रीतीने ते लिहू लागले. हौसेचे गाणे आणि कामाचे गाणे यांत फरक आहे. हौसेला मन लागेल तेव्हा बसता येते. कामाला मन नसले तरी बसावे लागते.

त्या काळात आंबेडकरी जलशांची परंपरा जोरात होती. नाशिककडचे भीमराव कर्डक आणि त्यांच्यासारख्या शाहिरांनी ती उभी केली होती. जलशाची बांधणी तमाशाच्या वळणाची, पण आतला माल बदललेला. गणपतीच्या गणाच्या जागी महामानवांना वंदन, गवळणीतली थट्टा काढून टाकलेली, आणि वगात शाळा, सावकारी, दारू, अंधश्रद्धा, पाणवठा असे विषय. ज्यांना वर्तमानपत्र वाचता येत नव्हते त्यांच्यापर्यंत चळवळ पोचली ती या जलशांतून. आपल्या दहा सभा आणि शाहिराचा एक जलसा यांना बाबासाहेब सारखेच वजन देत असत, असे जुनी माणसे सांगत आली आहेत.

वामनदादांनी हीच वाट धरली. त्यांच्या पद्धतीत एक शहाणपण होते. चाल शक्यतो लोकांच्या ओठावरची घ्यायची, कधी लोकगीताची, कधी लावणीच्या अंगाची, कधी सिनेमाची. चाल ओळखीची असली की माणसाचे निम्मे कष्ट वाचतात, तो फक्त शब्दांकडे कान देतो, आणि दुसऱ्यांदा ध्रुपद आले की स्वतः म्हणू लागतो. म्हणून शब्द सोपे पण नेमके हवेत. मागे चटईवर बसलेल्या म्हातारीला अर्थ लागला पाहिजे आणि पुढे बसलेल्या शिकलेल्या माणसालाही विचार करावासा वाटला पाहिजे. हे वाटते तितके सोपे नाही. मात्रा मोजाव्या लागतात, एक शब्द काढून दुसरा घालावा लागतो, गाऊन पाहावे लागते, पुन्हा मोडावे लागते. शाळा न शिकलेल्या या माणसाने पुढे गझलेसारखा कठीण प्रकारही हाताळला. शेवटच्या कडव्यात आपले वामन हे नाव गुंफायची जुनी शाहिरी रीतही त्यांनी पाळली. नाव गुंफायचे म्हणजे त्या शब्दांची जबाबदारी घ्यायची.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरच्या दीक्षाभूमीवर धम्मक्रांती झाली आणि अवघ्या दोन महिन्यांत, ६ डिसेंबरला, बाबासाहेब गेले. समाज पोरका झाला होता. नवा धम्म घेतला खरा, पण तो गावोगावच्या घरात रुजवायचा कुणी? भिक्खू थोडे, पुस्तके थोडी. ते काम मोठ्या प्रमाणात गाण्याने केले. बुद्ध, फुले, बाबासाहेब, माता रमाई यांचे चरित्र आपल्या आयाबायांनी गाण्यांतून पाठ केले. वामनदादा पुढची जवळजवळ पन्नास वर्षे यासाठी फिरले. खांद्याला पिशवी, पिशवीत वही. एस.टी., रेल्वे, बैलगाडी, नाहीतर पायी. संयुक्त महाराष्ट्राचा लढा असो, भूमिहीनांचा सत्याग्रह असो की मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा लढा असो, त्यांचे गाणे लोकांबरोबर राहिले. आपल्याकडे ही गाणी चाकरमान्यांच्या ट्रंकेतून आली. कुणी वहीत उतरवून आणली, पुढे कुणी कॅसेट आणली, आणि शक्ती-तुऱ्याच्या डबलबाऱ्या ऐकत वाढलेल्या आपल्या माणसांनी ती आपल्या ढंगात म्हटली.

आता जे सांगायचे ते जरा जड आहे, पण चरित्र लिहायचे तर झाकून चालत नाही. या वाटेची किंमत त्यांनी मोजली. पहिला संसार मोडला. मीरा नावाची लेक लहानपणीच गेली. पुढे शांताबाईंशी लग्न झाले आणि त्यांनी सावरून घेतले. शाहिराचे कौतुक करताना घरी मागे राहिलेल्या बाईचे कष्ट आपण विसरतो. पैशाचे म्हणाल तर मराठी सिनेमानेही त्यांची गाणी घेतली, ती वाट त्यांना अगदीच बंद नव्हती. तरी त्यांचा मुक्काम वस्तीतच राहिला. त्यांची गाणी कितीतरी गायकांनी गायली, त्यावर कॅसेटी निघाल्या, इतरांची नावे झाली, पण दादांच्या हाती त्यातले फार थोडे आले. ते गाणी देत गेले. आम्हाला यात दोन्ही गोष्टी दिसतात. देणाऱ्याचे दान मोठे हे खरे. पण ज्याच्या गाण्यावर समाज उभा राहिला, त्याच्या म्हातारपणाची काळजी समाजाने आपणहून घ्यायला हवी होती, हेही तितकेच खरे. कलावंताने त्यागी असावे असे म्हणणे सोपे असते, कारण त्याग त्याला करायचा असतो.

त्यांच्या शीलाचा आणखी एक पुरावा म्हणजे त्यांनी फक्त परक्यांवर टीका केली नाही. बाबासाहेबांचे नाव घेऊन आपापसांत भांडणाऱ्या, गटातटांत वाटल्या गेलेल्या आपल्याच पुढाऱ्यांना आणि आपल्याच लोकांना त्यांनी गाण्यातून खडे बोल सुनावले, तेही त्यांच्याच मंचावर उभे राहून. टाळ्या मिळवायच्या असत्या तर हे करायची गरज नव्हती. ज्या गायकाला पुढच्या सुपारीची चिंता असते तो असे बोलत नाही.

'वाटचाल' आणि 'मोहळ' हे त्यांचे गीतसंग्रह निघाले. १९९३ साली वर्ध्याला अखिल भारतीय आंबेडकरी साहित्य संमेलन भरले, त्याचे अध्यक्षपद वामनदादांना मिळाले. दुकानांच्या पाट्यांवर अक्षरे जुळवणारा माणूस साहित्यिकांच्या संमेलनाचा अध्यक्ष झाला. १५ मे २००४ रोजी त्यांचे निधन झाले. २०२२ साली त्यांची जन्मशताब्दी झाली. पण त्यांची गाणी म्हणणारी कित्येक माणसे आजही ती कुणाची हे न जाणता म्हणतात. लोकशाहिराला यापेक्षा मोठा मान तो कुठला?

आता आपल्याकडे वळू. आपला हा दापोली-मंडणगडचा मुलूख बाबासाहेबांच्या घराण्याचा मुलूख. आंबडवे हे त्यांचे मूळ गाव मंडणगड तालुक्यात, आणि दापोलीच्या कॅम्पात त्यांच्या बालपणाचा काही काळ गेला. सुभेदार रामजींच्या घरी सकाळ-संध्याकाळ कबीराची भजने होत. त्याच घरच्या मुलाने पुढे एवढ्या व्यापात, उतारवयात, व्हायोलिन शिकायला घेतले. शिकायला वय नसते हे बाबासाहेबांनीही दाखवले आणि त्यांच्या शाहिरानेही.

आजच्या मुलामुलींच्या हातात मोबाईल आहे, एका क्षणात आवाज साऱ्या जगात जातो. चांगली गोष्ट आहे. पण आवाज पोचला म्हणजे गायक तयार झाला असे होत नाही. आम्हाला वाटते, आपल्या गाणाऱ्या मुलांनी काही साध्या गोष्टी धराव्यात. रोज ठरल्या वेळी तासभर बसावे, कार्यक्रम असो वा नसो. गाणे पूर्ण पाठ करावे आणि त्यातल्या प्रत्येक शब्दाचा अर्थ विचारून घ्यावा. दिलेल्या वेळेच्या आधी पोचावे. साथीदाराचा मान राखावा, पेटी-ढोलकीवाल्याचे पैसे आधी द्यावेत. पाचवे शील मंचावर चढतानाही पाळावे, कारण तोंडाला वास येत असताना बुद्धवंदना म्हणणाऱ्याचे गाणे पोरंसुद्धा ऐकत नाहीत. आणि आपल्याला येत नाही असे काही पुढे आले तर तिथेच थांबून ते शिकावे.

मोठ्यांकडेही मागणे आहे. जयंतीला एका रात्रीच्या डीजेवर आपण जेवढा पैसा घालवतो, तेवढ्यात विहारात एक चांगली पेटी आणि एक ढोलकी-तबल्याचा संच येऊ शकतो, आणि तो वर्षानुवर्षे राहतो. भिंती हादरवणारा आवाज सकाळी संपतो. विहारात बसून शिकलेले एक गाणे पोरगं जन्मभर जवळ ठेवते, पुढे आपल्या लेकरांना देते. येत्या जयंतीची वर्गणी काढायला बसू तेव्हा हा विषय सगळ्यांनी मनावर घ्यावा, अशी आमची हात जोडून विनंती आहे. मुलींनाही या बैठकीत बरोबरीने बसवावे. जात्यावरच्या ओव्यांपासून भीमगीतांपर्यंत गाणे सांभाळले ते मुख्यतः बायांनी, हे विसरू नये.

वामनदादांना कुणी पेटी आणून दिली नव्हती, कुणी शाळेत घातले नव्हते. आपल्या पोरांना विहार आहे, दिवा आहे, वही आहे. दादांनी कमावलेली चिकाटी तेवढी त्यांनी स्वतः कमवायची आहे.

लोकशाहीर वामनदादा कर्डक यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन!

नमो बुद्धाय! जय भीम!