राणूबाईंचे डोळे

जय जय रघुवीर समर्थ!

आजचं वाचन : श्रीमद्भागवत, तिसरा स्कंध, कपिलगीता.

कपिलमुनी आपल्या आईला, देवहूतीला, भक्ती आणि ज्ञान सांगतात तो हा भाग. परंपरा सांगते की समर्थ रामदासांनीही आपल्या आईला हीच कपिलगीता समजावून सांगितली. आज ती गोष्ट सांगावीशी वाटते. मी जालन्याचा, त्यामुळे जांब म्हणजे घरचंच गाव.

घनसावंगी तालुक्यातल्या या जांब गावी १६०८ साली रामनवमीला सूर्याजीपंत ठोसर आणि राणूबाईंच्या पोटी नारायणाचा जन्म झाला. वडील लवकर गेले. बाराव्या वर्षी लग्न ठरलं. मांडवात 'सावधान' शब्द कानावर पडला आणि नारायण तिथून निघून गेला. नाशिकजवळ टाकळीला १२ वर्षं नदीच्या पाण्यात उभं राहून रामनामाचा जप केला. पुढची १२ वर्षं पायी देशभर फिरले.

मित्रांनो, हे आपण नेहमी समर्थांच्या बाजूने वाचतो. जांबच्या घरातून पाहिलं तर हीच २४ वर्षं एका आईने वाट बघण्यात काढली. चरित्रकार सांगतात, रडून रडून तिचे डोळे गेले.

मग एके दिवशी दारात कुणी गोसावी भिक्षा मागू लागला. राणूबाईंनी सुनेला भिक्षा वाढायला सांगितलं. पण हा भिक्षा घेऊन जाणारा गोसावी नव्हता. नारायण घरी आला होता. समर्थांनी आईच्या डोळ्यांवरून हात फिरवला आणि तिला दिसू लागलं, अशी कथा आहे.

लहानपणापासून ऐकलेली ही गोष्ट गेल्या वर्षी मला खरी टोचली. मी पुण्यात आयटीत, आई जालन्यात. तिच्या उजव्या डोळ्यातून सारखं पाणी यायचं, कोपऱ्यात घाण साचायची. मेडिकलमधून ड्रॉप आणायची, चार दिवस बरं वाटायचं, की पुन्हा तेच. व्हिडिओ कॉलवर विचारलं की म्हणायची, धूळ गेली असेल. मीही तेच धरून चाललो. सात महिने! ऑफिसात एखादा बग तिसऱ्यांदा आला तर आम्ही मूळ कारण शोधतो. आईच्या बाबतीत ते सुचलं नाही.

दिवाळीला घरी गेलो, जवळून पाहिलं आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. अश्रू नाकात उतरतात ती नळी बंद झाली होती. पाणी साचून राहायचं, म्हणून जंतुसंसर्ग परत परत व्हायचा. चाळिशीनंतर बायकांमध्ये हे जास्त दिसतं. नुसत्या ड्रॉपने नळी उघडत नाही. छोटं ऑपरेशन करून अश्रूंना नाकात उतरायला नवी वाट करून दिली. आता डोळा कोरडा आहे.

समर्थांचा हात माझ्याकडे नाही. पण हात फिरवण्याआधी ते दारात आले होते, तेवढं तर मला जमण्यासारखं होतं.

आणि ते कायमचे थांबलेही नाहीत. आईजवळ बसले, तिला कपिलगीता सांगितली, मग निरोप घेऊन कृष्णाकाठी गेले. चाफळचं राममंदिर, अकरा मारुती, दासबोध हे सगळं त्यानंतरचं. शके १६०३ मध्ये माघ वद्य नवमीला त्यांनी सज्जनगडावर देह ठेवला. कपिलमुनीही आईला सगळं सांगून, तिची परवानगी घेऊनच घराबाहेर पडले होते.

आपणही शिकायला, नोकरीला लांब गेलोय. त्यात पाप नाही. पण आईवडील 'काही नाही' म्हणाले तरी या सुट्टीत त्यांच्या डोळ्यांत एकदा नीट बघा. पाणी, लाली, चिकटपणा परत परत येत असेल तर तीर्थ-अंगारा डोळ्यात घालू नका, डॉक्टरांकडे न्या. आणि परत येताना बसमध्ये नाम घ्या.

जय जय रघुवीर समर्थ!